जबडा, वय आणि विमा : अठरानंतरच्या शस्त्रक्रियेचा अनुत्तरित प्रश्न

फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मुलांची तपासणी करायची आणि जन्मजात दोष, आजार, पोषणातील उणिवा व विकासातील विलंब यांवर विनामूल्य उपचार मिळवून द्यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. तपासणीच्या यादीतील ३० विकारांत दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू यांचाही समावेश आहे. कार्यक्रमाच्या उपयुक्ततेविषयी दुमत नाही. मात्र जबड्याच्या व्यंगाच्या बाबतीत या वयोमर्यादेमुळे एक विचित्र परिस्थिती उद्भवते. जबड्याचे हाड कापून ते योग्य जागी बसवण्याची शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावरच करतात. मुलींमध्ये ही वाढ सोळा-सतराव्या वर्षाच्या सुमारास थांबते, मुलांमध्ये अठरा ते एकवीसपर्यंत चालू राहते. म्हणजे ज्या वयात शासनाचा हात सुटतो, बहुतेकदा त्याच वयात शल्यचिकित्सक रुग्णाला "आता या" असे सांगतात.

वाढ संपण्यापूर्वी शस्त्रक्रिया केली, तर पुढच्या दोन-तीन वर्षांत खालचा जबडा पुन्हा वाढून सगळे श्रम वाया जाण्याचा धोका असतो. त्यामुळे काही महिन्यांच्या अंतराने चेहऱ्याच्या बाजूची क्ष-किरण छायाचित्रे काढून ती एकमेकांवर ठेवून पाहतात. दोन छायाचित्रांत फरक दिसेनासा झाला, म्हणजे हाड थांबले. हे थांबणे जैविक आहे आणि त्याला प्रशासकीय वर्षाची सीमा ठाऊक नसते. प्रौढांमधील जबडा-शस्त्रक्रियेचा विचार करताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. 'इतकी वर्षे का थांबलात?' हा नातेवाइकांचा आणि कधी कधी विमा कंपनीचाही प्रश्न त्यामुळे बहुतेक वेळा गैरलागू ठरतो.

हे व्यंग नेमके असते तरी काय? दात वाकडे असणे ही एक गोष्ट आणि दात ज्या हाडात रुजलेले आहेत ते हाडच मागे-पुढे, आखूड-लांब किंवा एका बाजूला झुकलेले असणे ही दुसरी. पहिलीवर तारा पुरतात. दुसरीवर प्रौढ वयात केवळ तारा लावल्या, तर दात तिरपे होऊन दोष झाकला जातो, दूर होत नाही. काहींचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे जातो. काहींचा इतका मागे राहतो की हनुवटी गळ्यात विरून गेल्यासारखी वाटते. काहींमध्ये तोंड मिटल्यावरही पुढच्या दातांत फट राहते, मग भाकरीचा घास दातांनी तोडता येत नाही, पेरूला चावा घेता येत नाही, सगळे हाताने तुकडे करून दाढेखाली सारावे लागते. 'स'सारखे उच्चार अस्पष्ट होतात. मराठीतल्या 'चमचा', 'जहाज' यांसारख्या शब्दांतले दातांजवळचे च-ज तर विशेष अडखळतात. वर्षानुवर्षे मोजक्याच दाढांवर भार पडल्याने त्या झिजतात.

युरोपच्या इतिहासात या व्यंगाचे सर्वांत ठळक उदाहरण हॅब्सबर्ग राजघराण्याचे आहे. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१-१७००) याला पुढे आलेल्या जबड्यामुळे अन्न नीट चावता येत नसे. पिढ्यान्पिढ्यांच्या नात्यातील विवाहांशी या जबड्याचा संबंध असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. राजाला जे मिळाले नाही ते आजच्या शेतमजुराच्या मुलाला तत्त्वतः उपलब्ध आहे. अडचण 'तत्त्वतः' या शब्दात आहे.

शस्त्रक्रियेचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे. अमेरिकेतील व्हीलिंग या गावी सायमन हलिहेन यांनी १८४९ मध्ये एका वीस वर्षांच्या तरुणीच्या खालच्या जबड्यावर शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. लहानपणी भाजल्यामुळे मानेची कातडी आक्रसून तिचा जबडा विद्रूप झाला होता. फ्रान्समधील रेने ले फोर यांनी १९०१ मध्ये वरच्या जबड्याचे हाड आघाताने कोणत्या रेषांवर तुटते याचा शोध मृतदेहांवरील प्रयोगांतून घेतला. आज वरचा जबडा सोडवताना शल्यचिकित्सक जवळपास त्याच रेषेवर करवत चालवतात आणि त्या छेदाला ले फोर यांचेच नाव आहे. खालच्या जबड्याचे हाड उभे चिरून दोन पापुद्रे एकमेकांवरून सरकवण्याची पद्धत ह्यूगो ओबवेगेसर यांनी १९५० च्या दशकात रूढ केली. वरचा जबडा सुटा केल्यास त्याचा रक्तपुरवठा तुटेल, ही भीती मात्र बराच काळ कायम होती. ती विल्यम बेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस माकडांवर केलेल्या प्रयोगांनी दूर केली.

आज ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन आणि तोंडाच्या आतून केली जाते, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. हाड नव्या जागी टायटॅनियमच्या पट्ट्या व बारीक स्क्रूंनी पक्के करतात. पट्ट्यांचा प्रसार होण्यापूर्वी वरचे-खालचे दात तारेने आवळून तोंड सुमारे सहा आठवडे बंद ठेवावे लागे. आता ते बहुधा टळते, तरी काही आठवडे पेज, ताक, मुगाचे कढण आणि गाळलेले सार यांवरच भागवावे लागते. तथापि शस्त्रक्रिया हा उपचाराचा एक दिवस झाला. तिच्या आधी साधारण वर्ष-दीड वर्ष आणि नंतर पुन्हा काही महिने तारा लावाव्या लागतात. व्यंग झाकण्यासाठी निसर्गाने तिरपे केलेले दात आधी सरळ करावे लागतात, त्या काळात चेहरा सुधारण्याऐवजी अधिकच बिघडलेला दिसतो. कित्येक रुग्ण याच टप्प्यावर उपचार सोडतात, कारण ही गोष्ट त्यांना आधी कुणी नीट समजावलेली नसते. आधी शस्त्रक्रिया आणि मग तारा असा उलटा क्रमही गेल्या दशक-दीड दशकात रूढ होत आहे, पण तो सर्वांना लागू पडत नाही.

धोके लपवण्यात अर्थ नाही. खालच्या जबड्याच्या हाडातूनच खालचा ओठ व हनुवटी यांना संवेदना पुरवणारी नस जाते. हाड चिरताना ती ताणली जाते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर ओठाला बधिरपणा येणे अगदी सामान्य आहे. बहुतेकांमध्ये तो काही महिन्यांत ओसरतो. काहींमध्ये थोड्याफार प्रमाणात कायमचा राहतो आणि वय जास्त असेल तर ही शक्यता वाढते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हाड काही प्रमाणात मूळ जागेकडे परतणे हे धोकेही आहेत. म्हणूनच 'गरज कोणाला?' हा या विषयातला मध्यवर्ती प्रश्न आहे.

भारतात ही गरज निरनिराळ्या वाटांनी येते आणि त्यांतल्या काही वाटा आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या उणिवांतून निघतात. दुभंगलेल्या टाळूचेच पाहा. बालपणी टाळू शिवली जाते, मूल पिऊ-खाऊ-बोलू लागते, कुटुंब निर्धास्त होते. गेल्या दोन-अडीच दशकांत सेवाभावी संस्थांच्या मदतीने ही पहिली शस्त्रक्रिया देशाच्या दूरच्या भागांतही विनामूल्य पोहोचली, हे मोठेच यश आहे. परंतु त्या शिवणीचा व्रण वरच्या जबड्याची वाढ रोखतो. पौगंडावस्थेत खालचा जबडा वाढत राहतो, वरचा मागे पडतो आणि चेहरा मधोमध खचल्यासारखा होतो. अभ्यासागणिक प्रमाण बदलत असले, तरी अशा रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागते असे वैद्यकीय साहित्यात मानले जाते. या मुलांच्या बाबतीत व्यवस्थेने काम सुरू केले, निम्म्या वाटेवर आणले आणि अठराव्या वर्षी नोंदवहीतून नाव काढून टाकले. जिल्हा केंद्रातल्या वहीत ते 'उपचार पूर्ण' म्हणून दिसते.

दुसरी वाट अधिक दुःखद आहे. लहानपणी झाडावरून, गच्चीवरून किंवा झोपाळ्यावरून हनुवटीवर पडलेल्या मुलाची जखम टाके घालून बरी करतात. कानाजवळ, जबड्याच्या सांध्यात झालेला अस्थिभंग कुणाच्या लक्षात येत नाही. कानातून दीर्घकाळ वाहणाऱ्या पुवाचा संसर्गही या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. हळूहळू सांधा हाडाने जखडतो आणि तोंड उघडेनासे होते. खालच्या जबड्याची वाढ खुंटते. विसाव्या वर्षी जेव्हा असा रुग्ण एखाद्या दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पोहोचतो, तेव्हा त्याच्या तोंडात बोट जात नाही. दात किडलेले असतात, कारण ब्रश आत जात नाही. उताणे झोपल्यावर श्वास अडतो. भूल देतानाही नळी तोंडातून घालता येत नसल्याने भूलतज्ज्ञाला दुर्बिणीच्या साहाय्याने ती नाकावाटे न्यावी लागते. आधी सांधा मोकळा करायचा, मग किंवा त्याआधी आखूड जबडा लांबवायचा, असा हा लांबलचक उपचार असतो. पाश्चात्त्य देशांत हा विकार विरळा झाला आहे. आपल्याकडील शासकीय दंत महाविद्यालयांत तो अजूनही नेहमीचा आहे. हनुवटीवर पडलेल्या प्रत्येक मुलाचे तोंड किती उघडते हे पुढचे काही महिने पाहणे आणि शंका येताच क्ष-किरण तपासणी करणे, एवढ्या साध्या दक्षतेने यातली कितीतरी व्यंगे टळू शकतात.

तिसरी वाट झोपेशी संबंधित आहे. झोपेत घसा वारंवार बंद होऊन श्वास थांबण्याच्या विकाराने, म्हणजे स्लीप ॲप्नियाने, भारतात कामाच्या वयातील सुमारे १०.४ कोटी लोक ग्रस्त असावेत, असा अंदाज दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला. या सर्वांना शस्त्रक्रिया लागते असा याचा अर्थ मुळीच नाही. वजन कमी करणे आणि रात्री दाबाने हवा पुरवणारे यंत्र लावणे हेच पहिले उपाय आहेत. पण ज्यांचा जबडाच मागे आहे व ज्यांना यंत्र सोसत नाही, त्यांच्यात दोन्ही जबडे पुढे घेतल्यास घशामागची वाट रुंदावते. ४५ अभ्यासांतील ५१८ रुग्णांच्या माहितीचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले एकत्रित विश्लेषण सांगते की या शस्त्रक्रियेने ८५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत विकार लक्षणीय घटला आणि सुमारे ३८ टक्क्यांत तो पूर्ण बरा झाला. चाळिशीतला माणूस जबडा कापून घेतो म्हणजे त्याला तरुण दिसायचे आहे, हा समज येथे साफ चुकतो.

तरीही हा समज विमा कंपन्यांच्या टेबलावर ठाण मांडून आहे. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा देशभर एकसारखी केली. त्यातील आठव्या क्रमांकाचा अपवाद सौंदर्यविषयक किंवा प्लास्टिक सर्जरीचा, तसेच रूप बदलणाऱ्या कोणत्याही उपचाराचा खर्च वगळतो. त्याला सूट आहे ती अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला. अथवा प्रत्यक्ष आणि तातडीचा आरोग्यधोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेल्या उपचाराला, तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या प्रमाणपत्रासह. वाढीच्या वयात उद्भवलेले व्यंग अपघात नव्हे, भाजणे नव्हे, कर्करोगही नव्हे. 'प्रत्यक्ष आणि तातडीचा' या शब्दांत तर वीस वर्षे नीट न चावता जगलेला माणूस बसवणे कठीणच. श्वास थांबणाऱ्या रुग्णाला तेथे जागा मिळू शकते, दातांत फट असलेल्याला मिळेलच असे नाही. त्यात बहुतेक पॉलिसी अपघाताव्यतिरिक्तचे दंतोपचार वगळतात आणि अनेक पॉलिसी बाह्य जन्मजात व्यंगही वगळतात. शस्त्रक्रिया करणारा मुख व जबडा शल्यचिकित्सक मूळचा दंतवैद्यकाचा पदवीधर असल्याने कागदोपत्री ती 'दातांची' म्हणून ओळखली जाण्याचाही धोका असतो.

याच्या नेमके उलट उदाहरण त्याच केंद्र सरकारच्या करविषयक नियमांत सापडते. वस्तू व सेवा करातून आरोग्यसेवेला सूट देणाऱ्या जून २०१७ च्या अधिसूचनेतही सौंदर्यविषयक व प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. परंतु जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना अथवा कार्य पूर्ववत करण्यासाठी ती केली असेल, तर ती आरोग्यसेवाच मानली जाते. 'वाढीतील विकृती' हे शब्द तेथे स्पष्टपणे आहेत. म्हणजे एकाच रुग्णाच्या एकाच शस्त्रक्रियेला कर खाते उपचार मानते आणि विमा कंपनी रूपसज्जा मानू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतही दात व जबड्यांच्या विकृतींना स्वतंत्र संकेतांक आहे. विम्याच्या अपवादाच्या सूटीत कर-अधिसूचनेतील ते दोन शब्द जोडणे ही काही मोठी क्रांती ठरणार नाही. कलम लिहिणाऱ्यांनी दोन कागद शेजारी ठेवून वाचले तरी पुरे.

विमा कंपन्यांची बाजू अगदीच निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. रूपासाठी जबडा बदलण्याची बाजारपेठ खरोखर अस्तित्वात आहे. दक्षिण कोरियात ही शस्त्रक्रिया सौंदर्यव्यवसायाचा भाग बनली आणि २०१४ मध्ये सेऊलमधील एका चिकित्सालयाने रुग्णांच्या काढलेल्या हाडांचे काचेतले मनोरे दर्शनी भागात मांडल्याने गदारोळ झाला होता. आपल्याकडेही समाजमाध्यमांवर टोकदार जबड्याचे वेड पसरले आहे. जीभ टाळूला चिकटवून ठेवल्यास जबडा घडतो, असे सांगणाऱ्या चित्रफिती तरुण मुले तासन्‌तास पाहतात. प्रौढ हाड अशाने जागचे हलत नाही. आरशातल्या काल्पनिक दोषाने ग्रासलेल्या व्यक्तीला शस्त्रक्रियेऐवजी मानसोपचाराची गरज असते आणि चांगला शल्यचिकित्सक तिला नकार देतो.

पण खऱ्या आणि हौसेच्या गरजेत रेषा आखता येत नाही, असे म्हणणे ही पळवाट झाली. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये यासाठी पाच श्रेणींचा एक कार्यात्मक निर्देशांक तयार झाला. वरचे दात खालच्यांपेक्षा नऊ मिलिमीटरहून अधिक पुढे असणे, दुभंगलेल्या टाळूमुळे आलेली विकृती, अन्य उपायांना दाद न देणारा झोपेतील श्वासरोध, अशा गोष्टी त्यात सर्वोच्च गरजेत मोडतात. मोजपट्टी आणि क्ष-किरण यांवर आधारलेली ही पद्धत आहे, दिसण्याविषयीच्या मतावर नव्हे. जपानमध्ये अशा रुग्णांच्या शस्त्रक्रियेबरोबरच तिच्या आधी-नंतरच्या तारांच्या उपचारालाही, ठरवून दिलेल्या केंद्रांत, सार्वजनिक आरोग्य विमा लागू होतो. भारतीय चेहऱ्यांच्या मोजमापांवर बेतलेला असा निर्देशांक येथील तज्ज्ञांच्या संघटनांनी तयार करून नियामकापुढे ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. अशा निर्देशांकात मनावरील ओझे मोजले जात नाही, ही त्यावरची टीका खरी आहे. लग्नाच्या बैठकीतून पुन्हा पुन्हा परतवली गेलेली मुलगी किंवा मुलाखतीत तोंडावर हात धरून बोलणारा उमेदवार मिलिमीटरांत दिसत नाही.

तारांच्या उपचाराचा मुद्दा आपल्याकडे कळीचा आहे. आयुष्मान भारत योजनेला वयाची अट नाही, प्रतिकुटुंब वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे आणि तिच्या उपचारयादीत जबड्याच्या अस्थिभंगापासून जखडलेल्या सांध्यापर्यंतच्या शस्त्रक्रियांना स्थान आहे. मात्र ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण उपचार तिच्या कक्षेबाहेर राहतात. दोन-अडीच वर्षे महिन्या-दीड महिन्याने तारा आवळून घेण्यासाठी येणारा रुग्ण त्यामुळे स्वतःच्या खिशातून खर्च करतो. तो न पेलल्याने तारा अर्ध्यावर सोडल्या, तर शस्त्रक्रियेचे पॅकेज असूनही उपयोग शून्य. खासगी रुग्णालयांत एकूण खर्च काही लाखांच्या घरात जातो. शासकीय आणि महापालिका दंत महाविद्यालयांत तो पुष्कळ कमी असतो, पण तेथे भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृहाचे दिवस मोजके असतात आणि रांग लांब. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला मुंबई-नागपूरच्या पंचवीस-तीस फेऱ्या कराव्या लागतात. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते, तो खर्च कोणत्याच पॅकेजमध्ये लिहिलेला नसतो.

तूर्त रुग्णाच्या हाती काय आहे? कार्यात्मक बिघाडाची नोंद पहिल्या दिवसापासून कागदावर येणे सर्वांत महत्त्वाचे. चावताना, बोलताना, श्वास घेताना होणारा त्रास, मोजमापे, क्ष-किरण छायाचित्रे, झोपेची तपासणी केली असल्यास तिचा अहवाल आणि 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' असे स्पष्ट शब्द असलेले प्रमाणपत्र. शस्त्रक्रियेपूर्वीच विमा कंपनीकडे लेखी पूर्वमंजुरी मागावी. आधीपासूनच्या विकारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. तारांच्या उपचाराला लागणारा वेळ लक्षात घेता पॉलिसी विकार उघड करूनच आणि आधीच घेतलेली बरी. विकार लपवून घेतलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी अंगलट येते. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या आढावा समितीच्या संमतीशिवाय दावा फेटाळता येत नाही आणि कोणत्या अटीमुळे फेटाळला ते कळवावे लागते. त्यानंतरही समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्या कक्षेत येतात. कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत ही तक्रार दाखल व्हावी लागते.